गाडी गार आहे, पण आपण किती लांब आहोत?

उन्हाळ्याच्या दुपारी अमेरिकेतल्या एखाद्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. काचा बंद केलेली टेस्ला गाडी उभी आहे. आत मागच्या सीटवर कुत्रा निवांत पसरला आहे. पुढच्या मोठ्या पडद्यावर ठळक अक्षरांत मजकूर आहे, की काळजी नसावी, एसी चालू आहे आणि माझा मालक लवकरच परत येतो आहे. सोबत गाडीच्या आतले तापमानही दिसते. या सोयीचे नाव ‘डॉग मोड’. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने ती गाड्यांमध्ये आणली.

पडद्यावरचा मजकूर मालकासाठी नसतो, वाटेने जाणाऱ्यासाठी असतो. बंद गाडीत कुत्रा पाहून कुणी घाबरून काच फोडू नये, एवढाच त्याचा हेतू. ही भीती अगदीच अनाठायी नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१७ पासून कायदाच असा आहे, की गाडीत अडकलेल्या प्राण्याचा जीव धोक्यात असेल, दार उघडायला दुसरा मार्ग नसेल आणि पोलिसांना आधी कळवले असेल, तर सामान्य नागरिकही काच फोडून त्याला बाहेर काढू शकतो.

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेले आई-वडील हा प्रकार कौतुकाने सांगतात. जुलै २०२५ मध्ये टेस्लाचे पहिले भारतीय दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. इतर कंपन्यांच्या विजेवर चालणाऱ्या गाड्याही आपल्या रस्त्यांवर वाढल्या आहेत आणि घरोघरी कुत्री-मांजरेही. त्यामुळे ‘एसी चालू ठेवून कुत्र्याला गाडीत ठेवले तर चालते का हो डॉक्टर?’ हा प्रश्न आता इथेही कानावर येतो.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्यक नव्हे. पण दर उन्हाळ्यात आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयांत उष्माघात कक्ष सुरू होतो. उष्माघात शरीराचे जे हाल करतो, त्यात माणूस आणि कुत्रा यांच्यात फारसा फरक नाही. म्हणून उत्तर देतो. योग्य गाडी, योग्य मोड आणि थोडा वेळ असेल तर चालते. मात्र एक अट आहे. एसी बंद पडलाच, तर तुम्ही पाच मिनिटांच्या आत गाडीपाशी पोचून दार उघडू शकला पाहिजेत. पाच मिनिटे हा काटेकोर शास्त्रीय आकडा नव्हे, माझा ढोबळ हिशेब आहे. तो कुठून आला, ते पुढे सांगतो.

बंद गाडी इतकी का तापते?

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तो शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या वस्तूंमधून जी उष्णता बाहेर पडते, तिला मात्र काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय गरम झालेली हवा कोंडलेली असते. वर जाऊन निघून जायला तिला वाट नसते. त्यामुळे बाहेर हवा बरी असली, तरी आत भट्टी पेटते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यावर केलेला अभ्यास २००५ मध्ये बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी १६ वेगवेगळ्या दिवशी, बाहेरचे तापमान साधारण २२ ते ३६ अंश सेल्सियस असताना, उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले तापमान मोजले. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले. म्हणजे बाहेर ३० अंश असेल, तर आत पन्नाशी ओलांडली जाते. आणि या वाढीतला ८० टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच झाला. हिशेब केला तर सुरुवातीला दर पाच मिनिटांना साधारण तीन अंश. काच बोट-दोन बोटे खाली ठेवल्याने यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ‘काच थोडी उघडी ठेवली आहे की’ हा आपला नेहमीचा दिलासा या अभ्यासाने खोटा ठरवला.

मग सावली? ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तेही मोजले. अंगाची लाही करणाऱ्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांतली हवा सरासरी ४७ अंशांवर पोचली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ अंशांच्या आसपास राहिली. फरक मोठा आहे, पण ३८ अंशांच्या कोंदट हवेत अंगावर केसाळ कोट घालून बसायचे आहे, हेही लक्षात घ्या.

कुत्र्याला घाम का वाचवत नाही?

आपल्या सर्वांगाला घाम येतो, तो वाळतो आणि त्वचा गार होते. कुत्र्याच्या बाबतीत घामाचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याच्या घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. त्याचा सगळा भरवसा धापा टाकण्यावर. जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो; जीभ, तोंड आणि नाकाच्या ओल्या अस्तरावरून पाण्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर जाते.

कपडे पावसाळ्यात का वाळत नाहीत, ते आपल्याला ठाऊक आहे. हवेत आधीच ओल असली की पाण्याची वाफ होत नाही. बंद गाडीत नेमके हेच घडते. एसी थांबला की कुत्रा धापा टाकू लागतो, प्रत्येक श्वासाबरोबर दमट हवा सोडतो आणि त्या छोट्या जागेतली ओल वाढवत नेतो. जितक्या जोरात तो धापतो, तितका धापण्याचा उपयोग कमी होत जातो. शिवाय जोराने धापताना स्नायूंना श्रम पडतात आणि त्यातून आणखी उष्णता तयार होते.

निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते, आपल्यापेक्षा थोडे जास्तच. ते ४१ अंशांच्या वर गेले की धोक्याची हद्द सुरू होते. पेशींतली प्रथिने बिघडू लागतात. आतड्याच्या अस्तराचा बंदोबस्त ढिला पडतो आणि तिथले जंतू व त्यांची विषे रक्तात शिरतात. रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते, मूत्रपिंडे आणि यकृत हात टेकतात, मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. उष्माघाताचा माणूस रुग्णालयात येतो तेव्हा आम्ही याच गोष्टींशी झगडत असतो.

सगळी कुत्री सारखी नसतात. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या जातींचे श्वासमार्ग जन्मतःच अरुंद असतात. ज्या धापण्यावर जीव अवलंबून, तेच त्यांना धड जमत नाही. म्हातारी, लठ्ठ, हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असलेली आणि दाट केसांची कुत्रीही लवकर गळाठतात. मांजर सहसा धापत नाही; ते तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर प्रकरण गंभीर आहे असे समजावे. अशा प्राण्यांसाठी माझे उत्तर सरळ आहे. डॉग मोड असो वा नसो, त्यांना गाडीत एकटे ठेवू नये.

विजेच्या गाडीत वेगळे काय?

पेट्रोल-डिझेलच्या नेहमीच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. म्हणजे एसी हवा असेल तर इंजिन चालू ठेवावे लागते. इंजिन बंद पडले की एसी संपला. बंदिस्त गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा धूर साचला तर कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते, आणि या वायूला ना रंग ना वास. शिवाय सार्वजनिक ठिकाणी चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसताना इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार मनाई आहे.

विजेच्या गाडीत कॉम्प्रेसर थेट बॅटरीवर चालतो. धूर नाही, आवाज नाही. वीजही फार लागत नाही. अशा अनेक गाड्यांची बॅटरी ५० ते ७५ युनिटांची असते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलातलेच. उन्हात उभी गाडी गार राखायला ढोबळमानाने तासाला एक-दोन युनिट पुरतात. बॅटरी निम्मी भरलेली असली, तरी तासभर एसी चालवून ती संपत नाही. म्हणून या गाड्यांतली ही सोय खरोखर उपयोगी आहे, केवळ जाहिरातीचा भाग नाही. अडचण निराळीच आहे.

घात कुठे होतो?

पहिला घोटाळा नावांचा. टेस्लाच्या गाड्यांतच डॉग मोडशिवाय आणखी एक सोय असते, गाडीचा आतला भाग फार तापू नये म्हणून. पण तिचा उंबरठा ४० अंशांच्या आसपास ठेवता येतो. सीट-डॅशबोर्डला ते ठीक, जिवंत प्राण्याला नाही. दोन्हींची बटणे एकाच पडद्यावर. घाईत भलतेच दाबले तर पडद्यावर काहीतरी चालू दिसते आणि मालक निश्चिंत होऊन निघून जातो.

दुसरा घोटाळा मोबाइलवरून चालणाऱ्या एसीचा. अनेक गाड्यांत ॲपवरून एसी सुरू करता येतो. तो गाडीत बसण्याआधी ती गार व्हावी यासाठी असतो आणि म्हणूनच ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतो. मालक मॉलमध्ये, एसी बंद, कुत्रा आत. ज्या गाडीच्या माहितीपुस्तकात प्राण्यांसाठीचा मोड म्हणून स्पष्ट उल्लेख नाही, त्या गाडीत अशी सोय नाही असेच धरून चालावे.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. २०१९ च्या उन्हाळ्यातच एका मालकाच्या लक्षात आले, की पंख्याचा वेग हाताने ठरवून ठेवला असेल तर डॉग मोड चालू दिसूनही गाडी तापते आहे. त्याने समाजमाध्यमावर हे मांडल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी दुरुस्ती करत असल्याचे उत्तर दिले. चूक दुरुस्त होते. पण ती सापडते, तेव्हा आत कुणीतरी बसलेले असते.

चौथी गोष्ट निरोपाची. बॅटरी २० टक्क्यांवर आली की टेस्लाची गाडी मालकाच्या मोबाइलवर सूचना पाठवते. पण मालक तळघरातल्या दुकानात असेल, तिथे रेंज नसेल, मोबाइल सायलेंटवर असेल किंवा तो सिनेमाला बसला असेल, तर ती सूचना कुणाला?

अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरचे उदाहरण मला इथे आठवते. त्या यंत्राला बॅटरी असते, बिघाड झाला तर ते भोंगा वाजवते. तरीही रुग्णाला यंत्राच्या भरवशावर सोडून आम्ही कुणी चहाला जात नाही. हाकेच्या अंतरावर नर्स असतेच. भोंगा रुग्णाला वाचवत नाही. तो ऐकून धावत येणारे माणूस वाचवते. व्हेंटिलेटर उत्तम चालतो म्हणून नर्सची गरज संपत नाही. गाडीतल्या एसीलाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून पाच मिनिटे

भर उन्हात एसी थांबला की गार असलेली गाडी तापायला सुरुवात होते. आत आणि बाहेर यांच्यातला फरक जितका जास्त, तितकी सुरुवातीची वाढ वेगाने होते. बाहेर चाळीस अंश असतील, तर आधी गार असण्याचा फायदा फार वेळ टिकत नाही. वरच्या अभ्यासातला दर पाच मिनिटांना तीन अंशांचा वेग धरला, तर पाच मिनिटांत पोचणाऱ्या मालकाला कुत्रा धापताना दिसेल, अर्ध्या तासाने पोचणाऱ्याला कदाचित कोसळलेला.

आपण विचारतो, कुत्र्याला किती वेळ ठेवले तर चालेल? खरा प्रश्न आहे, बिघाड कळल्यापासून आपण किती वेळात पोचू? औषधाच्या दुकानात वीस मिनिटे थांबून काचेतून गाडी दिसत असेल, तर धोका कमी. मॉलच्या चौथ्या मजल्यावर दहाच मिनिटांचे काम असेल, पण लिफ्टला रांग आणि गाडी तळघरात दोन मजले खाली, तर धोका जास्त.

तेव्हा कुत्र्याला ठेवायचेच असेल, तर एवढे पाहावे. मोड लावल्यावर लगेच न जाता दोन-तीन मिनिटे बाहेर थांबून तापमान स्थिर आहे याची खात्री करावी. पंखा हाताने न लावता स्वयंचलित ठेवावा. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. गाडी सावलीत लावावी. एसीला मदत होते आणि एसी गेला तर काही मिनिटे जास्त मिळतात. काचांची बटणे लॉक करावीत, कारण पंजा कशावरही पडू शकतो. पट्ट्याला दोरी बांधून ठेवू नये, ती गळ्याला अडकते. पाणी ठेवावे. मोबाइल हातात, आवाज सुरू आणि रेंज असलेल्या जागीच थांबावे. दोघे असाल, तर एकाने गाडीजवळच थांबावे. याहून चांगला मोड कुठल्याही कंपनीने अजून काढलेला नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याही अटीशिवाय. हा मोड मुलांसाठी नाही. अमेरिकेत १९९८ पासून दरवर्षी सरासरी ३७ च्या आसपास मुले तापलेल्या गाड्यांमध्ये दगावली आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या विसरण्याने. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी वेगाने तापते. बाळ झोपले आहे, एसी चालू आहे, दोन मिनिटांत येतो, असे म्हणून कुणीही उतरू नये.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तेव्हा कायद्याच्या धाकापेक्षा घरातून निघण्यापूर्वीचा आपला विचारच अधिक उपयोगी. मात्र गाडीत नको म्हणून भर दुपारी तापल्या डांबरावरून त्याला चालवत नेणे हाही उपाय नव्हे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या नोंदींचा २०२० मध्ये अभ्यास झाला, तेव्हा उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चालण्या-पळण्यामुळे आजारी पडल्याचे दिसले. गाडीत अडकल्यामुळे आजारी पडलेली पाच टक्क्यांच्या आसपास होती. गाडीतला धोका लोकांना माहीत असतो, दुपारच्या फेरफटक्यातला नसतो. उन्हाळ्यात कुत्र्याची खरी जागा घरी, पंख्याखाली, गार फरशीवर.

उष्माघात झालाच तर

खूप जोरात धापणे, तोंडातून लाळेच्या तारा, लालभडक हिरड्या, बेचैनी ही सुरुवात. नंतर अडखळत चालणे, उलटी, जुलाब, हाक मारली तरी लक्ष न देणे, झटके. दवाखाना गाठायची घाई साहजिक आहे, पण आधी गार करा आणि मग हलवा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फच हवा असे नाही. त्याच्या अंगापेक्षा गार असलेले कुठलेही पाणी चालते. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता अडवतो. शुद्धीत असेल आणि स्वतःहून पीत असेल तरच पाणी पाजा. जाताना गाडीचा एसी पूर्ण ठेवा आणि पाणी घालणे चालू ठेवा.

तापाची गोळी देऊ नका. उष्माघातात ती माणसालाही उपयोगाची नसते, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. आपल्या घरातली पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासमान आहे.

पाणी घातल्यावर कुत्रा उठून शेपूट हलवू लागला, तरी त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. मूत्रपिंडांचे आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनी वर येतात. माणसांच्या कक्षातही आम्ही शुद्धीवर आलेल्या उष्माघाताच्या रुग्णाला लगेच घरी सोडत नाही. त्याच्या रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा होतात आणि लघवीचे प्रमाण मोजले जाते. कुत्र्यालाही तेवढी देखरेख हवी.